नुकसानग्रस्ताचे नाव

इंदूरचे विमान एक तास उशिरा सुटणार अशी घोषणा झाली आणि तिकडे इंदूरला माझ्या भाच्याची मुलगी एक वर्षाची झाली. सकाळी मी घरून निघाले तेव्हा ती बारा दिवसांची होती.

ही बातमी मला माझी भाचेसून ऋजुता हिने फोनवर दिली. "आत्या, ती उभी राहिली. पाळण्याची दोरी धरून." मागे बायकांचा गलबला ऐकू येत होता, कारण बारसे दुपारी बाराचे होते आणि पाहुण्या जमू लागल्या होत्या.

"तिला खाली बसव," मी म्हटले. "मी येतेच आहे."

आमच्या घराण्यात बाळाचे नाव आत्या ठेवते. माझ्या भाच्याला, आशुतोषला, बहीण नाही. म्हणून हा मान त्याच्या आत्याकडे, म्हणजे माझ्याकडे आला. नाव आत्याने निवडायचे आणि बाळाच्या कानात सांगेपर्यंत ते कोणालाही कळू द्यायचे नाही, आईबापांनाही नाही. आधी कानाशी तोंड नेऊन 'कुर्र' करायचे, मग नाव सांगायचे, आणि नेमक्या त्याच क्षणी मागे उभ्या असलेल्या बायकांनी आत्याच्या पाठीत धपाटे घालायचे. मी असे अकरा मुलांसाठी धपाटे खाल्ले आहेत. बारावे नाव माझ्यापाशी होते. ते मी कागदावरही लिहिलेले नव्हते.

माझ्या हातात टोपरे होते. पांढऱ्या लोकरीचे, क्रोशाच्या सुईने विणलेले. ते बारा दिवसांच्या डोक्याच्या मापाचे असल्यामुळे मी ते उसवले आणि एक वर्षाच्या मापाने पुन्हा विणायला घेतले.

शेजारच्या खुर्चीवर भुसारी नावाचे एक गृहस्थ होते. धाकट्या मेव्हण्याच्या लग्नाला निघाले होते आणि मांडीवर फेट्याचा डबा घेऊन बसले होते. "दर वेळी असंच करतात हो हे," ते म्हणाले. "मागच्या खेपेला साखरपुडा चुकला. या वेळी बायकोने बजावलंय, लग्न चुकलं तर तिकडेच राहा म्हणून."

"मग उठा आणि कारण विचारा," मी म्हटले.

"तुम्हीच विचारा, बाई. तुमचा आवाज चांगला आहे."

मी बत्तीस वर्षे मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षिका होते. हजेरीत ज्या मुलीचे नाव नाही तिला ताट वाढायचे नाही, हा नियम मीच केला होता. आवाजाबद्दल मला कोणी सांगण्याची आवश्यकता नव्हती.

काउंटरवर पोंक्षे नावाचे अधिकारी होते. त्यांच्यासमोर जाड काच होती आणि काचेत बोलण्यासाठी वाटीच्या तोंडाएवढे एक गोल छिद्र होते. त्यांच्या मागच्या भिंतीवर 'प्रवाशांचे हक्क' असा तक्ता टांगलेला होता.

"बोला, आजी," पोंक्षे म्हणाले.

"मी आपली आजी नाही. माझे नाव द्वारकाबाई सरपोतदार. विमानाला उशीर का झाला ते मला लेखी हवे आहे. आपल्या तक्त्यातले पहिलेच कलम आहे."

पोंक्ष्यांनी वळून तक्ता पाहिला. "असाधारण परिस्थिती," ते म्हणाले.

"कोणती?"

"ती असाधारण असल्यामुळे सांगता येत नाही. उपमा घेता का? तिसऱ्या कलमाखाली उपमा देय आहे."

त्यांनी कागदी पेल्यातला उपमा आणि एक पावती पुढे सरकवली. पावतीवर छापले होते की प्रवाशाला योग्य ती भरपाई मिळाली असून त्याची आता कोणतीही मागणी उरलेली नाही. मी पेला परत सरकवला. मला भूक लागली होती, पण मी कोठे निघाले आहे हे मला त्याहून अधिक नीट माहीत होते.

भुसारींनी सही केली. उपम्याचा पहिला चमचा तोंडात घातल्यावर त्यांनी मांडीवरच्या डब्याकडे पाहिले. "हा कोणाचा?"

"तुमचा. तुम्ही लग्नाला निघाला आहात. मेव्हण्याच्या."

"छे हो," ते हसून म्हणाले. "मी इथलाच."

ते उठले तेव्हा दोन कर्मचारी आले आणि त्यांची खुर्ची उचलून घेऊन गेले. मग भिंत एका खुर्चीच्या रुंदीइतकी आत सरकली. तिचा आवाज झाला नाही. मी माझी पिशवी जवळ ओढून घेतली.

त्यानंतर आणखी तीन तासांच्या विलंबाची घोषणा झाली. ऋजुताचा फोन लागलीच आला.

"आत्या, ती चार वर्षांची झाली. बालवाडीत घालायची म्हणतात. नाव विचारतायत."

"आत्या येत आहेत म्हणून सांग."

"पाहुण्या खोळंबल्यात हो सगळ्या. घुगऱ्या वाळून गेल्या. काकू म्हणतात, फोन तिच्या कानाला लावू का? तुम्ही तिकडूनच सांगा."

"ऋजुता, फोन आधी ऐकेल आणि मग ती ऐकेल. नाव आधी तिने ऐकायचे असते."

ती म्हणाली, "बरं," आणि तो 'बरं' मला आवडला नाही.

मी टोपरे पुन्हा उसवले. लोकर पुरणार नव्हती, म्हणून अंगावरच्या शालीचे टोक सोडवले आणि तो धागा जोडून घेतला. शाल माझ्या सासूबाईंनी दिलेली होती. विमानतळावर गारठा होता, पण शाल मोठी होती.

आणखी दोन तास. आणखी पाच तास. प्रत्येक घोषणेनंतर काही प्रवासी उठत, उपमा घेत, सही करत आणि मग हात मोकळे सोडून उभे राहत. त्यांच्या खुर्च्या जात आणि भिंती आत येत. मुलाखतीला निघालेला एक तरुण आपली फाईल कचऱ्याच्या डब्यावर ठेवून काउंटरशी ओळीत उभा राहिला. मी त्याला विचारले, "ही रांग कशाची?" तो म्हणाला, "रांग आहे, एवढे पुरेसे नाही का?"

दालन आता वसतिगृहातल्या माझ्या खोलीएवढे उरले होते. त्यात माझी एकच खुर्ची होती.

पुढचा फोन ऋजुताचा नव्हता.

"आत्याआजी?"

"कोण बोलते आहे?" मी विचारले, आणि विचारताक्षणीच मला माझी चूक कळली.

"तेच तर," ती म्हणाली. "मी अकरा वर्षांची आहे. मला सगळे 'अगं' म्हणतात. 'अगं, इकडे ये. अगं, दूध पी.' हजेरीत बाई माझ्या नंबरावर थांबतात आणि माझ्याकडे बघतात. मग मी हात वर करते."

"ताट मिळते ना?"

"म्हणजे?"

"काही नाही. बोल."

"सांग ना मला फोनवर. मी कुणाला सांगणार नाही. शप्पथ."

मी मान वर केली. सह्या केलेले सर्व प्रवासी माझ्याकडे वळले होते आणि त्यांनी कान पुढे केले होते. भुसारींनी तर तळहात कानामागे धरला होता. पोंक्षेही छिद्राला कान लावून उभे होते. ज्याचे स्वतःचे जाणे उरलेले नाही, त्याला दुसऱ्याचे काहीही हवे असते. मी नाव त्या कानांत टाकणार नव्हते.

"मी येते आहे," मी तिला सांगितले. "तू कान धुऊन तयार राहा."

"किती वर्षं झाली तू येते आहेस," ती म्हणाली. रागाने नव्हे. तिने माहिती दिल्यासारखे सांगितले.

मी काउंटरवर गेले. जायला तीन पावले पुरली.

"मला नुकसानभरपाईचा अर्ज द्या."

पोंक्ष्यांनी अर्ज दिला. मी प्रवाशाच्या रकान्यात माझे नाव लिहिले, विमानाचा क्रमांक लिहिला, विलंबाच्या रकान्यात अकरा वर्षे लिहिली. पोंक्ष्यांनी तो वाचला आणि बोट ठेवले. "इथे नुकसानग्रस्ताचे नाव राहिले."

"नुकसान बाळाचे झाले आहे."

"मग बाळाचे नाव लिहा."

"तेच सांगायला मी निघाले आहे. आपण मला न्या, मग मी लिहिते."

"नावाशिवाय अर्ज दाखल होत नाही. अर्जाशिवाय पर्यायी व्यवस्था होत नाही." त्यांनी थोडा विचार केला. ते वाईट गृहस्थ नव्हते. "नावाचाच प्रश्न असेल तर आमच्याकडे नावे आहेत."

त्यांनी खालून एक टोपली काढली. तीत हरवलेल्या सामानावरच्या चिठ्ठ्या होत्या. सामान कधीच सापडले नव्हते. नावे मात्र शिल्लक राहिली होती. पोंक्ष्यांनी टोपली माझ्याकडे सरकवली आणि चिठ्ठ्या एकेक करून दाखवल्या. "मुलींची ही बाजूला काढली आहेत. हे छान आहे, पाहा. फक्त एकदा वापरलेले. बाईंची एक निळी पेटी होती."

"त्या बाई आपले नाव शोधत असतील."

"त्या पेटी शोधत होत्या," पोंक्षे म्हणाले.

मी टोपली परत सरकवली. छिद्रातून ती जाणार नव्हती, तरी ती गेली.

चार तासांची घोषणा झाली. ऋजुताचा आवाज जाड झाला होता. मध्यमवयीन बायकांचा होतो तसा.

"आत्या, दहावीचा अर्ज भरायचाय तिचा. आज शेवटची तारीख आहे. विमान कंपनीचा माणूस आला होता घरी, चिठ्ठ्या घेऊन. त्यातली एक आवडली मला. आशुतोषलाही चालेल. देऊ का?"

"नाही."

"तुमचं एक 'नाही' आणि आमची पंधरा वर्षं!" ती म्हणाली. इतक्या वर्षांत ती माझ्याशी पहिल्यांदाच आवाज चढवून बोलत होती. "पहिल्याच दिवशी फोनवर सांगितलं असतंत तर काय आभाळ कोसळणार होतं? मान तुमचा, आणि मुलगी बिननावाची!"

तिचे म्हणणे रास्त होते. मी तसे तिला सांगितले. "चूक माझी आहे, ऋजुता. पण टोपलीतले नाव दिलेस तर माझी चूक तिला आयुष्यभर अंगावर वागवावी लागेल. मला आजचा दिवस दे."

"आजचाच का?"

"आजचाच."

तिने तिकडे मुलीला विचारले. "ती म्हणतेय, देऊया आजचा दिवस," ऋजुता म्हणाली. "ती म्हणतेय, अर्ज तसाच पाठवते. रकाना कोरा ठेवून."

ही मुलगी आमच्या घराण्याची होती याबद्दल मला शंका उरली नाही.

मी पुन्हा तक्त्याकडे गेले. तक्ता आता काचेला टेकला होता, कारण पोंक्ष्यांच्या बाजूची भिंतही आत आली होती. सर्वांत खालचे कलम इतके बारीक छापले होते की मी चष्मा भिंगासारखा हातात धरून ते वाचले. मग मोठ्याने वाचून दाखवले. "प्रवाशास गंतव्यस्थानी नेणे शक्य नसेल, तर गंतव्यस्थान प्रवाशाकडे आणले जाईल."

"हे कलम कोणी मागत नाही," पोंक्षे म्हणाले.

"मी मागते आहे."

त्यांनी सहा वेळा शिक्का मारला. प्रत्येक शिक्क्याला एक तास लागला, म्हणजे इंदूरच्या हिशेबाने सहा वर्षे. मी विणत राहिले. ती एकवीस वर्षांची झाली तेव्हा टोपरे पूर्ण झाले आणि शाल संपली. गारठा पाठीला लागत होता. भिंती माझ्या दोन्ही खांद्यांना टेकल्या होत्या. मागे सही केलेल्या प्रवाशांची रांग होती. पुढे काच होती. खुर्ची कोणी नेली ते मला दिसले नाही. मी उभी होते आणि उभे राहणे मला जमते.

पोंक्षे बाजूला झाले आणि काचेपलीकडे ती आली. उंच होती. आशुतोषची हनुवटी, ऋजुताचे कपाळ. तिच्या गळ्यात कॉलेजचे ओळखपत्र होते, आणि फोटोखालची ओळ कोरी होती.

"आत्याआजी, तू किती लहान आहेस," ती म्हणाली. "आई म्हणाली होती, तू खूप मोठी आहेस."

"केस मागे घे," मी म्हटले.

तिने केस मागे घेतले. मी टोपरे छिद्रातून पलीकडे दिले आणि तिने ते डोक्यावर घातले. माप बरोबर होते. मग ती वाकली आणि तिने कान छिद्राला लावला. छिद्र कानाने पूर्ण भरले. धुतलेला, स्वच्छ कान होता. पाळीवर अजून सोन्याचा डूल नव्हता, नुसतेच टोचलेले भोक होते.

"आधी सही," पोंक्षे म्हणाले. "नाव सांगितल्यावर आपली मागणी उरणार नाही."

"आधी नाव," मी म्हटले.

मी तोंड कानाशी नेले. "कुर्र," मी म्हटले. ती शहारली आणि हसली. सगळीच बाळे शहारतात. नाव माझ्या जिभेवर होते, जसेच्या तसे, बारा दिवसांचे.

माझ्या डोक्यावरच्या ध्वनिवर्धकात खरखर झाली. "इंदूरला जाणाऱ्या प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे. आपल्या विमानास आणखी—"

आकडा यायचा होता. माझ्या ओठांसमोर त्या कानाच्या पाळीवर एक बारीक सुरकुती उमटत होती. मी नाव सांगितले, आणि मागे भुसारींनी हात उगारला असावा, कारण नेमक्या त्याच क्षणी पहिला धपाटा माझ्या उघड्या पाठीत बसला.