बिनकानाची किटली

मी किटली बोलतेय. चिनी मातीची, पांढरी, गळ्याशी निळी रेघ असलेली. जन्म झाला चहासाठी आणि उमर गेली चित्रकारांत. एखाद्या किटलीचं याहून वाईट काय व्हायचं असतं!

तशी माझी सुरुवात चांगली होती. एका आईने मला मुलीच्या लग्नात दिलं आणि त्या मुलीच्या संसारात मी सकाळ-संध्याकाळ चहा ओतला. मग तिच्या नवऱ्याने हौशी चित्रकारांचं मंडळ काढलं आणि आपणच त्याचा अध्यक्ष झाला. वस्तुचित्रासाठी समोर काहीतरी ठेवायला हवं, म्हणून एका रविवारी त्याने मला ओट्यावरून उचललं.

"अहो, मग मी चहा कशात ओतू?" तिने विचारलं.

"थर्मास आहे की!" म्हणत तो जिना उतरलासुद्धा.

मंडळाचा हॉल छापखान्याच्या वरच्या मजल्यावर आहे. लांबट खोली, एका बाजूला खिडक्या, कोपऱ्यात रंगांनी बरबटलेलं बेसिन आणि पंखा लावला की उडणारे कागद. मधल्या टेबलावर नारिंगी कापड टाकून मला त्यावर बसवलं. दर रविवारी माझ्याभोवती इझलांचा वेढा पडायचा. मधल्या सुट्टीत वहिनी, म्हणजे माझी मालकीणबाई, थर्मास घेऊन यायची. हे लोक कागदी कपातून चहा प्यायचे आणि रिकाम्या किटलीतल्या 'आशयावर' बोलायचे.

अध्यक्षांनी माझं जे पहिलं चित्र काढलं, ते मात्र खरंच चांगलं होतं. उगीच खोटं कशाला बोलू? तेव्हा ते बघून काढायचे. त्या चित्राला सुवर्णपदक मिळालं आणि तिथेच घात झाला. चित्र फ्रेम होऊन माझ्या मागच्या भिंतीवर लागलं. त्या दिवसापासून सगळे माझ्याऐवजी त्याच्याकडेच बघू लागले.

मंडळात एक दातांचे डॉक्टर आहेत. मला ते कायम जांभळी रंगवतात आणि विचारलं तर डोळे मिटून म्हणतात, "मला ती अशी जाणवते." लोकांच्या दाढाही हे असंच जाणवून काढत असतील का, या विचाराने माझ्या अंगावर काटा येतो. दुसरे चिटणीस. ते अध्यक्षांची री ओढण्यात इतके गुंतलेले असतात की हातातला ब्रश वाळून कडक होतो. बाकीचे सभासदही थोड्याफार फरकाने असेच. पाट्या टाकायच्या, एकमेकांना "काय काम झालंय!" म्हणायचं आणि घरी जायचं.

एका वार्षिक प्रदर्शनानंतरची आवराआवर चालली होती. कुणीतरी इझल कपाटात कोंबताना मला धक्का दिला आणि माझा कान तुटला. तुकडे वहिनीने वेचले. "अहो, किटलीचा कान गेला," ती म्हणाली. अध्यक्ष प्रशस्तिपत्रकांवर सह्या करत होते. "हं," म्हणाले आणि पुढच्या पत्रकावर सही केली.

पुढच्या रविवारी मी टेबलावर गेले ती लाजेने अर्धमेली होऊन. कान होता तिथे आता दोन ओबडधोबड खुंट होते. वरची चकाकी उडून आतली तपकिरी माती दिसत होती, आणि तीच बाजू नेमकी उजेडात! मला वाटलं, आता ओरडा होणार. कसलं काय! तास संपला तेव्हा हॉलभर माझी चित्रं होती आणि प्रत्येक चित्रात मला सुरेख, गोलसर कान होता. डॉक्टरांनी तर दोन काढले होते. मला माणसांची इतकी कीव कधीच आली नव्हती. मग अशीच वर्षं गेली, आणि मला कीव करायचाही कंटाळा आला.

मग एकदा वहिनी थर्मास ठेवून मागच्या खुर्चीत बसली. उरलेला एक कागद तिने मांडीवर घेतला. कितीतरी वेळ ती नुसती बघतच राहिली. मग उठून माझ्यापाशी आली, दोन्ही खुंटांवरून बोट फिरवलं आणि परत जाऊन काढू लागली. सगळे चहात गुंग होते. त्यानंतर काही रविवार ती तेच चित्र रंगवत होती. माझी तपकिरी जखम तिने जशीच्या तशी रंगवली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला बघितलं होतं. मला रडू आलं असतं, पण माझ्यात पाणी कुठलं!

तिने ते चित्र वार्षिक प्रदर्शनासाठी ठेवलं. निवडीच्या वेळी नावं झाकतात. निवड समिती त्याच हॉलमध्ये बसली: अध्यक्ष, डॉक्टर आणि चिटणीस. वहिनी बेसिनपाशी गाळणी धूत होती.

"अरेच्चा, कान काढायलाच विसरला की हा!" चिटणीस हसले.

"नवखा दिसतोय," डॉक्टर म्हणाले.

अध्यक्षांनी चष्मा पुसला. "निरीक्षण कच्चं आहे. वस्तू समोर ठेवलेली असते, ती फक्त बघायची असते. यांना तेवढंही जमत नाही. बाजूला ठेवा ते."

मी हातभर अंतरावर होते! गाळणीवरचं पाणी नुसतंच वाहत होतं. "वहिनी, चहा आहे का हो अजून?" डॉक्टरांनी विचारलं. तिने हात पुसले आणि ओतला.

हॉल बंद करायला निघताना ती म्हणाली, "अहो, त्या किटलीकडे हल्ली कधी बघितलंत का तुम्ही?"

"अगं, इतकी वर्षं दुसरं काय करतोय?" खिसे चाचपत ते म्हणाले. "किल्ली दिसली का कुठे?"

किल्ली तिच्याच हातात होती. तिने ती पुढे केली आणि माझ्याकडे वळून हळूच पुटपुटली, "एकदा वर बघितलं तरी पुरे."

प्रदर्शनाच्या दिवशी हॉल भरला होता. लोकांसाठी अध्यक्षांचं प्रात्यक्षिक होतं. मी टेबलावर, समोर कोरा कॅनव्हास. "मित्रहो," अध्यक्ष म्हणाले, "चित्रकार आधी बघतो आणि मग काढतो." असं म्हणून त्यांनी कॅनव्हासमध्ये जे डोकं घातलं ते घातलंच.

पहिल्या रांगेतून वहिनी उठली. टेबलापाशी आली, दोन्ही हातांनी मला उचललं आणि पोटाशी धरून तिथेच उभी राहिली, नवऱ्याच्या अगदी समोर. बघा हो, मी मनात म्हणत होते. कान गेला त्याचं काही नाही, पण हिच्यासाठी तरी एकदा मान वर करा!

"वहिनी, जरा बाजूला व्हा," डॉक्टर कुजबुजले. "लोकांना दिसत नाहीये."

ती बाजूला झाली, पण मला खाली ठेवलं नाही. पोट झालं, तोटी झाली, निळी रेघ झाली. "आणि आता हा कान!" अध्यक्षांनी ब्रश हवेत फिरवला. "याच्यातच सगळा जीव आहे." टाळ्यांचा कडकडाट झाला. टेबलावर नुसतं नारिंगी कापड होतं. त्या कडकडाटातच ती मला घेऊन जिना उतरली.

आता मी परत ओट्यावर आहे. कान नाही, म्हणून ती मला फडक्यात धरून ओतते. तिने काढलेलं माझं चित्र साखरेच्या डब्यामागे टेकवून ठेवलंय. अध्यक्ष माझ्यातलाच चहा पितात, प्रदर्शनाचे फोटो चाळत.

दर रविवारी हॉलमध्ये त्या रिकाम्या कापडावरून माझी चित्रं अजून निघतात म्हणे. मी तिथून गेल्याचं कुणाच्या लक्षात आलेलं नाही. थर्मास यायचा थांबला, हे मात्र पहिल्याच रविवारी आलं. "अगं, सगळे चहाचं विचारत होते," गेल्या रविवारीही अध्यक्ष घरी येऊन म्हणाले.

"कुणी माझं विचारलं?"

"तेच तर सांगतोय," ते म्हणाले आणि तिच्याकडे न बघताच कप पुढे केला.

तिने तो भरला नाही. मला फडक्यात गुंडाळून त्यांच्यासमोर ठेवलं आणि म्हणाली, "घ्या ओतून." अध्यक्षांनी फोटोंवरची नजर न काढता सवयीने हात लांबवला आणि कान होता तिथे हवेत मूठ आवळली. मग पुन्हा एकदा आवळली.

आणि मग, बाई गं, त्यांनी वर बघितलं.