अकरा पंजे आणि एक

"वहिनी, सुरा इकडे द्या. चारचौघांत शोभा करून घेऊ नका."

शहाता हे बोलला तेव्हा ईदची नमाज आटोपून अख्खी गल्ली दुकानासमोर लोटली होती. मधोमध पाय बांधलेलं तांबडं खोंड आडवं पडून फुसफुसत होतं. सात घरांनी मिळून कुर्बानीसाठी घेतलेलं. इन्शिराहने दिराकडे पाहिलंसुद्धा नाही. ती डाव्या अंगठ्याने धार चाचपत राहिली.

नवरा गेल्यावर झगाझिग शहरातलं हे मटणाचं दुकान अकरा वर्षं तिनेच चालवलं होतं. चार महिन्यांपूर्वी तिचा उजवा स्तन काढला, काखेतल्या गाठीही काढल्या. त्या हाताने ओझं उचलायचं नाही, जखम होऊ द्यायची नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. हात तर पाव फुगावा तसा फुगला होता. औषधाचे तीन डोस झाले होते, तीन राहिले होते. शहाताला तेवढं निमित्त पुरलं. घरातल्या म्हाताऱ्यांना गाठून त्याने ठरवून घेतलं, की ईदचं पहिलं जनावर वहिनीने एका दमात कापलं तर दुकान तिचं, नाहीतर ह्याचं.

महिनाभर तिने डाव्या हाताने मेंढ्या कापल्या. मेंढ्या जमल्या. पण खोंडाची मान म्हणजे काय चेष्टा आहे? त्यात औषधाने बोटं बधिर झालेली. मध्येच सुरा उचलला तर जनावर तडफडणार आणि सात घरांची कुर्बानी फुकट जाणार. ती मरणाला भ्यायली नव्हती. ह्या पाच बोटांना मात्र ती मनापासून भीत होती.

"शहाता, बाजूला हो. माझ्या उजेडात उभा आहेस."

"डाव्या हाताचं मटण कोण खाणार, सांगा की रे."

"तू तर दोन्ही हातांनी खातोस. भाऊ होता तोवर त्याच्याच ताटात खाल्लंस."

लोक खदखदून हसले आणि शहाताचं टाळकं सरकलं. त्याने तिचा उजवा दंड धरून मागे पिरगळला. काखेतली कळ थेट मस्तकात गेली, डोळ्यांपुढे अंधारी आली. तिने आधी सुरा लांब भिरकावला. तो हातात राहिला असता तर आज शहाताच कापला गेला असता. मग वळून डावं कोपर असं हाणलं, की त्याच्या नाकाचं हाड मोडल्याचं पलीकडच्या चहाच्या दुकानापर्यंत ऐकू गेलं. त्याने तिच्या थोबाडीत दिली. दुकानातला म्हातारा गडी बयूमी मध्ये पडला, तर त्याच्या पोटात लाथ बसली. इन्शिराहने दिराच्या मनगटाला दात लावले आणि रक्ताची चव येईपर्यंत सोडलं नाही. दुसऱ्या हाताने शहाताने तिच्या डोक्यावरचं फडकं खेचलं आणि ते निघून त्याच्या मुठीत आलं.

उन्हात तिचं तुळतुळीत डोकं सगळ्यांनी पाहिलं. शहाताची मान खाली गेली, मूठ आपोआप सुटली. तिची मुलगी रबाब स्वतःची शाल काढत धावत आली.

"राहू दे गं. मुकं जनावर किती वेळ बांधून ठेवायचं? आधी ते." इन्शिराहने सुरा उचलून धुतला. "झालं सगळ्यांचं बघून? केस येतील परत. शहाता, मागचे पाय धर."

त्याने धरले. नाकातून रक्त ठिबकत असताना गुडघे टेकून धरले.

तिने अल्लाचं नाव घेतलं. सुऱ्याची मूठ बधिर बोटांना जाणवतच नव्हती, म्हणून तिने खांद्यापासून सगळं अंग सुऱ्यावर घातलं आणि ओढला. खोंडाने दिलेला झटका तिच्या दातांपर्यंत आला. उसळलेल्या रक्ताने शहाताचा ईदचा पांढरा झगा छातीपर्यंत भिजला. सुरा उचलावा लागला नाही.

"एका दमात झालं, मालकीण," पोट धरून बसलेला बयूमी म्हणाला.

आता भिंत राहिली होती. दाराशेजारी दर ईदला पहिल्या रक्ताचा पंजा उठवायचा, दृष्ट लागू नये म्हणून. तिचे अकरा पंजे तिथे होते, वाळून तपकिरी झालेले, सगळे उजव्या हाताचे. तिने सवयीने उजवा हात रक्तात बुडवला आणि वर न्यायला गेली. खांद्याच्या वर तो जाईना. तिला रडू येत होतं, ते तिने आलं तसं येऊ दिलं. मग हात खाली घेतला, फडक्याला पुसला आणि डावा बुडवला.

"आई, मधोमध लाव. मोकळी जागा आहे, छान दिसेल," रबाब म्हणाली.

"मधोमध नको. पुढच्या वर्षी कुठे लावू?"

अकराव्याला अगदी चिकटून तिने पंजा दाबला. अंगठा दुसऱ्याच बाजूला गेला. उरलेली भिंत तिने एकदा पाहून घेतली आणि पुढचं जनावर आणायला सांगितलं. दोर घेऊन शहाता गेला.