विभूतीच्या डबीतल्या गोळ्या

बाळ रडत होतं म्हणजे काय, अख्खा वॉर्ड डोक्यावर घेत होतं. जन्माला येऊन दोन दिवस होतात न होतात तोच त्याचे हातपाय थरथरायला लागले. शिंका थांबेनात, दूध पोटात टिकेना, जरा डोळा लागला की दचकून पुन्हा किंकाळी. काचेपलीकडून बघणाऱ्या त्याच्या आईच्या, सिद्धेश्वरीच्या काळजाचं पाणी पाणी होत होतं.

सासूनं, शिवम्मांनी, आपल्या परीनं उपाय केले होते. मीठ-मोहऱ्या ओवाळल्या, बाळाच्या कपाळाला विभूती लावली. "दिष्ट लागलीया. लई गोरंपान हाय की लेकरू," असं त्या नर्सलाही सांगून आल्या. बाळ चांगलं सावळं होतं, पण आजीला कोण सांगणार!

डॉक्टर ऋतुजा मात्र वेगळंच विचारत होत्या. "तपासण्यांत काही सापडत नाही. सिद्धेश्वरी, पोटुशी असताना तुम्ही दुखण्याच्या, झोपेच्या काही गोळ्या घेत होता का? खरं सांगा, मी रागावणार नाही."

शेजारी अत्ती उभी. कानडी घरात सासूला अत्ती म्हणायचं आणि अत्तीपुढं दुखणं काढायचं नाही, हे दोन्ही सिद्धेश्वरी माहेरीच शिकली होती.

"न्हाय," ती म्हणाली.

साफ खोटं. सात रस्त्याच्या मागच्या बोळात त्यांचा कडक भाकरीचा धंदा. दिवसभर चुलीपुढं भाकरी थापून तिची कंबर धरायची. देवघरात विभूतीच्या दोन डब्या होत्या. एकीत विभूती, दुसरीत अत्तीच्या गुडघेदुखीच्या गोळ्या. एकदा अगदीच सोसवेना म्हणून तिनं एक घेतली. काय आराम पडला! मग रोज सकाळी विभूती लावायच्या निमित्तानं हात त्या डबीकडं वळू लागला. पुढं पुढं एकीनं भागेना, आणि चुकवली तर अंग मोडून यायचं. नवल म्हणजे डबी कधी रिकामी झाली नाही. चोरी पचली, असंच ती समजून होती.

तेवढ्यात बाळ पुन्हा किंचाळलं आणि त्याचं सगळं अंग ताठलं. सिद्धेश्वरीची लाज कुठल्या कुठं पळाली. घराबाहेर काढलं तर काढलं, पोर जगलं पाहिजे.

"घेत हुते! अत्तीच्या डबीतल्या. रोज. चोरून." ती ढसाढसा रडायला लागली.

शिवम्मा खाली मान घालून उभ्या होत्या. "चोरून कसलं," त्या पुटपुटल्या. "मला म्हाईत व्हतं की. पोटुशी पोर कंबर धरून बसती, तोंडातनं हूं न्हाय की चूं न्हाय. इचारलं तर लाजंल, म्हून म्या गपचीप डबी भरून ठिवायची. मीच इख चारलं गं बाई."

त्यांनी कनवटीची गोळ्यांची पट्टी काढून डॉक्टरांच्या हातात दिली. डॉक्टरांनी ती पाहिली आणि सुस्कारा सोडला.

"ही अफूच्या जातीची गोळी. पोटात बाळाला तिची सवय लागली, नाळ कापली आणि गोळी मिळणं एकदम बंद झालं. आता त्याच जातीचं औषध थेंबाथेंबानं द्यायचं आणि हळूहळू कमी करत बंद करायचं. सिद्धेश्वरी, तुमचंही तसंच."

"परत त्येच?" शिवम्मा घाबरल्या.

"तापलेल्या मातीच्या तव्यावर गार पाणी ओतलं तर?"

"तडकंल की."

"मग हळूहळूच निवू द्यायला हवा ना?"

हे मात्र शिवम्मांना चटकन पटलं.

औषध सुरू झालं. थरथर ओसरली, किंकाळीचं साधं रडणं झालं, आणि एका दुपारी बाळ पोटभर पिऊन आईच्या कुशीत असं गाढ झोपलं की सिद्धेश्वरीनं नाकाशी बोट धरून श्वास चालू असल्याची खात्री केली. मग तिला हसू फुटलं. किती दिवसांनी जीव भांड्यात पडला होता.

डॉक्टर फेरीला आल्या. "आज बाळाचा डोस आणखी कमी केलाय. आईचाही."

शिवम्मा घुटमळल्या. पदराखालचा हात त्यांनी पुढं केला. तो लटलट कापत होता.

"डॉक्टरीणबाई, लेकराचे हाल बघितले आन् त्या दिशीपासनं म्या बी गोळीला शिवले न्हाय. माजं बी लिवा की ह्या दोघांसंगं."

सिद्धेश्वरीनं बाळाला एका हातावर घेतलं आणि दुसऱ्या हातानं अत्तीचा तो हात घट्ट धरला. "अत्ती," ती म्हणाली, "दुखत हाय म्हून सांगायचं तरी."