कांताबाईंचा कोरस आणि मी

मी एक जुना मिक्सर आहे, मित्रांनो. चटणी वाटणारा नव्हे, आवाज मिसळणारा. दारव्ह्याच्या एका दोन खोल्यांच्या घरात, टेबलाखाली, माझा मुक्काम असतो. टेबलापाशी बसणारा राजदीप माझ्या पाठीवर खुशाल पाय ठेवतो. तेव्हा माझ्या बोलण्यात थोडा कडूपणा आला, तर समजून घ्या.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तेव्हाचा माझा तोरा काय सांगू! आठ माईक लावायची सोय, चकचकीत बटणांच्या रांगा. राजदीपचे वडील बाबाराव भीमगीतं रचायचे. त्यांनी मला जुन्या बाजारातून का होईना, पण हौसेनं घरी आणलं. खिडकीवर गोधडी टांगायची, पंखा बंद करायचा आणि घामाघूम होऊन सगळ्यांनी एकदम गायचं, अशी आमची रीत. एक चुकला की सगळे पुन्हा पहिल्यापासून. मुख्य गाणारा ओळ म्हणायचा आणि मागून कोरस ती उचलायचा. त्या कोरसच्या म्होरक्या होत्या बाबारावांच्या पत्नी, कांताबाई.

दिवसभर त्या जिनिंगमध्ये कामाला असत. कापसातली सरकी काढताना जी बारीक धूळ उडते, ती तोंडाला पदर बांधून कितीशी अडणार? वर्षानुवर्षं ती छातीत जात राहिली. श्वास घेताना घरघर व्हायची. पण मीही काही धुतल्या तांदळासारखा नव्हतो. माझी स्वतःची गुणगुण अखंड चालू असे आणि तीत ती घरघर खपून जाई. वर राहायचा तो कांताबाईंचा आवाज, मोकळा आणि खणखणीत. बाबाराव गेले, तरी त्यांची गाणी कांताबाईंनी थांबू दिली नाहीत. "मी हाव तोवर त्याह्यच्या गाण्यात माहा आवाज राहीन," असं त्या म्हणायच्या. आयुष्याकडे त्यांचं एवढंच मागणं उरलं होतं.

मग बोंडअळीनं कापूस खाल्ला ते वर्ष आलं. जिनिंगला माल येईना. मालकानं कुलूप लावलं. जाताना कांताबाईंना जो काही हिशोब मिळाला, तो त्यांनी तसाच राजदीपच्या हातावर ठेवला.

"घे बाबू, चांगली मशीन आण. तुह्या बाबाचे गाणे साजरे झाले पाह्यजे."

राजदीपनं ऑडिओ इंटरफेस आणला. जेवणाच्या डब्याएवढी पेटी, समोर दोन माईकची जागा, मागून कॉम्प्युटरला जाणारी एक वायर, संपलं. हे खेळणं काय दिवे लावणार, असं मला वाटलं होतं. पण खोटं कशाला बोलू, कान मोठे तिखट होते तिचे. माझ्यासारखी गुणगुण तर नावालाही नाही.

पहिल्या दिवशी कांताबाई धुतलेलं पांढरं पातळ नेसून माईकपुढे उभ्या राहिल्या. त्यांची सून दीपा हिनं ओळ म्हटली, कांताबाईंनी ती उचलली. राजदीपनं कानावरचा हेडफोन काढला.

"आई, घरघर येऊन राह्यली."

"कायची?"

"तुह्या छातीतली. गाण्यापेक्षा तेच जास्त आयकू येते."

"आजवर त कोनी म्हटलं नाही."

"आजवर मशीनच खराब होती नं."

घ्या! म्हणजे खराब मी. दीपा म्हणाली, "राहू द्या नं, आईचाच आवाज पाह्यजे." पण तिचं ऐकतो कोण? राजदीपनं दीपाचाच आवाज तीन-चारदा घेऊन एकावर एक चढवला आणि कोरस तयार केला. ओळ म्हणणारी दीपा आणि उचलणारीही दीपाच. कांताबाई उंबऱ्याशी बसून ऐकत होत्या. त्यानंतर भांडी घासतानासुद्धा त्यांनी गाणं म्हटलं नाही. मला फार वाईट वाटलं, पण तोवर माझी रवानगी टेबलाखाली झाली होती.

जयंतीला ते गाणं वाजलं. आवाज इतका साफ की लोकांनी राजदीपची पाठ थोपटली. पण चार दिवसांनी पुसदचा साउंडवाला नेमसिंग घरी आला.

"भाऊ, गाना बढिया हाय, पन कोरसमंदी जीव नाही. लोक जुनंच मांगून राह्यले. ते मांगं गानारी बाई कोन होती? तिले घ्या नं."

आता राजदीपला आई आठवली. त्यानं तिला हाताला धरून माईकपुढे आणलं. कांताबाई गायल्या. सूर चुकला नाही, शब्द चुकला नाही, पण आवाज ओठांबाहेर येईना. प्रत्येक ओळीआधी त्या चोरून श्वास घेत होत्या.

"आई, मोकळी गा नं, पह्यल्यासारखी!"

"मोकळी गायली त घरघर येते नं बाबू."

"येऊ दे. मी म्हणतो नं, येऊ दे!"

त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच. "आता नाही जमत मले," असं म्हणून त्या बाहेर गेल्या आणि मशीनला ऐकू जाणार नाही, इतक्या लांब जाऊन खोकल्या.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं मी सांगणार नाही. मी पत्रा आणि तारा, मला उद्या भंगारात घाला. नव्या मशीनही जरूर आणा. पण घरच्या माणसाला 'तुझा आवाज खराब आहे' असं म्हणण्याआधी तो कशानं खराब झाला, एवढं विचारत जा. राजदीपला तर विचारायचीही गरज नव्हती. तो त्याच जिनिंगच्या मजुरीवर लहानाचा मोठा झाला होता.