गाडी नको, साहेब

आमच्या सूनबाईचे दिवस भरत आले, तेव्हा घरात डॉक्टरचं नाव कुणाच्याच तोंडी नव्हतं. सगळ्यांच्या तोंडी साहेबांची गाडी. तसा गावात दवाखाना आहे, चांगला दुमजली. त्याची फीत साहेबांनी कापली, आणि पुढच्या निवडणुकीला रंग देऊन पुन्हा कापली. आत खाटा आहेत, नर्स आहे, एक कंपाउंडरही आहे. तो ताप आला की पांढरी गोळी देतो आणि पोट दुखलं की तीच अर्धी करून देतो. डॉक्टर तेवढा नाही. बाळंतपण अडलं की मोठ्या शहरात पळायचं, रस्ता खाणीच्या ट्रकांनी उखडलेला, आणि पळायला गाडी एकच, साहेबांची. मागायला गेलं की साहेब नाही म्हणत नाहीत. डिझेलचे पैसेसुद्धा घेत नाहीत. त्या गाडीतून सुखरूप आलेल्या बायकांनी मुलांना साहेबांचंच नाव ठेवलंय. शाळेत बाईंनी ते नाव पुकारलं की निम्मा वर्ग उभा राहतो.

गावामागचा डोंगर सगळा तांब्याचा. मी खाणीच्या कॅन्टीनमध्ये स्वयंपाक करते, मुलगा ट्रक चालवतो, सूनबाई वजनकाट्यावर बसते. तिच्यासमोरून भरलेले ट्रक बंदराकडे जातात आणि रिकामे परत येतात. एकदा जेवताना ती म्हणाली, "आई, इतके ट्रक रिकामे येतात. एखाद्यात डॉक्टर बसवून आणायला काय हरकत आहे?"

मी हसले. आमचे हे नाही हसले. "ज्याच्या गाडीमुळे आपला मुलगा वाचला, त्याच्याबद्दल असं बोलू नये. खाल्ल्या मिठाला जागावं माणसानं. उद्या दुसरा कुणी निवडून आला, तर ती गाडीही जाईल."

तेही खरंच होतं. मुलगा लहान असताना त्याला साप चावला, तेव्हा साहेबांनी जेवणाच्या ताटावरून उठून गाडी काढली होती. मी हे कशी विसरेन? लोक म्हणतात, तुम्ही अशा माणसाला पुन्हा पुन्हा निवडता कसे, तुम्हाला कळत नाही का? कळतं हो, न कळायला काय झालं. साहेब वाईट माणूस असता तर केव्हाच पाडला असता. तो वेळेला धावून येतो, हीच तर आमची अडचण.

तर मी सूनबाईला घेऊन बंगल्यावर गेले. तिथली रीत अशी की चपला बाहेर काढायच्या, व्हरांड्यातल्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर ओळीनं बसायचं, आणि पीएनं हाक मारली की एकेकट्यानं आत जायचं. एकानं काय मागितलं ते दुसऱ्याला कळत नाही. आम्हालाही ते बरं वाटायचं. आपलं काम आपण गुपचूप करून घ्यावं.

शेजारी बेकरीवाल्या काकू होत्या. मी सहज म्हटलं, "महिनाअखेरची गाडी पक्की करायला आलेय. साहेबांनी शब्द दिलाय."

काकू ताठ झाल्या. "महिनाअखेरची? ती माझ्या लेकीला दिलीये."

"असं कसं? मला स्वतः म्हणाले, गाडी तुमचीच समजा."

"मलाही तेच म्हणाले!"

मागून खाणीतला क्रेनवाला खाकरला. "मला पण. माझी बायको..."

मग माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. काकूंचा पाव कसा शिळा असतो इथपर्यंत मी गेले. माझा कॅन्टीनचा रस्सा कसा पाणचट असतो हे त्यांनी सगळ्या व्हरांड्याला सांगितलं. सूनबाई पोटावर हात धरून हसायला लागली. "बरं झालं, तिघी एकाच गाडीत बसू. क्रेनदादा मागे लटकतील." हसू ओसरल्यावर ती हळू आवाजात म्हणाली, "आपण गाडीवरून भांडतोय. आत गेल्यावर गाडी कुणी मागूच नका. सगळ्यांनी डॉक्टर मागा."

"आणि रागावून त्यांनी गाडीही नाही दिली तर?" काकूंनी विचारलं.

सूनबाईनं पोटावरून हात फिरवला. तिचं पहिलं बाळ त्याच रस्त्यावर, पोटातच गेलं होतं. गाडी शहरात पोचली होती, पण उशिरा. एवढं सोसलेली पोर असं म्हणते, आणि मी तिची सासू, बसलेय खुर्चीला घट्ट धरून! तेवढ्यात पीएनं मलाच हाक मारली.

आत गार होतं. साहेब उठून उभे राहिले, माझ्या गुडघ्याची चौकशी केली. "आजी होणार तुम्ही! गाडीची काळजी सोडा."

ओठांवर गाडीच आली होती. तरी म्हटलं, "गाडी नको, साहेब. दवाखान्यात डॉक्टर हवा."

त्यांचा चेहरा उतरला. रागावले असते तर सोपं गेलं असतं, पण ते दुखावले होते. "माझी गाडी कमी पडली का हो? तुमच्या मुलाच्या वेळेला..."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. "मरेपर्यंत विसरणार नाही. पण साहेब, त्या दिवशी गाडी दुसऱ्या कुणी नेली असती तर?"

साहेबांनी टेबलावरचे कागद सरळ केले. मग "बघतो" म्हणाले आणि घंटी वाजवली.

बाहेर येऊन मी काय मागितलं ते मोठ्यानं सांगितलं. पाठोपाठ क्रेनवाला गेला, त्यानं डॉक्टर मागितला. काकू जाऊन आल्या आणि कपाळावर हात मारून म्हणाल्या, "मागितला हो डॉक्टर. पण निघता निघता गाडीचंही बोलून गेले. सवयच वाईट!" रात्रीत ही गोष्ट गावभर झाली. दुसऱ्या दिवशी बदलीसाठी, बोअरवेलसाठी आलेल्यांनीही आत जाऊन डॉक्टरच मागितला. पोस्टातून निवृत्त झालेल्या एका ब्रह्मचारी आजोबांनी बाळंतपणाची सोय मागितली, तेव्हा म्हणे पीएनं त्यांना पाणी दिलं.

इकडे माझ्या घरात ना गाडी, ना डॉक्टर. बंगल्यावरून गाडीबद्दल काही निरोप येईना. हे माझ्याशी बोलत नव्हते. सूनबाई जरा कण्हली तरी मी उठून तिच्यापाशी जायची. हिला काही झालं तर मी कुठे तोंड लपवू, एवढंच मनात.

पण निवडणूक तोंडावर होती आणि बंगल्यावरची ओळ रोज तेच मागत होती. अखेर डॉक्टर आली. साहेबांच्याच गाडीतून, बोनेटवर फुलं लावून! साहेबांनी भाषण केलं, "मी तुम्हाला डॉक्टर दिली." टाळ्या पडल्या. त्या थांबायच्या आत बेकरीवाल्या काकू गर्दीतून ओरडल्या, "आणि ऑपरेशनची खोली कधी?" साहेबांनी घाम पुसला. ते पुन्हा निवडून येतीलही. पण आता त्यांना एकेकट्याला गाठता येत नाही, हे त्यांनाही कळलंय.

सूनबाईच्या कळा भर दुपारी सुरू झाल्या. चालत नेली तिला दवाखान्यात. डॉक्टरीण वयानं लहान, नाकावर राग. मी दारातून डोकावले तर म्हणाली, "आजी, बाहेर! आत गर्दी नकोय मला." बाहेर बाकावर हे माझ्याशेजारी येऊन बसले. माझा हात धरला.

मुलगी झाली. रडली ती अशी, की कंपाउंडर दचकला. सूनबाई थकली होती, पण डोळे उघडे होते आणि ती हसत होती. डॉक्टरीण हात पुसत बाहेर आली. मी कमरेत वाकून हात जोडले. "फार उपकार झाले तुमचे."

"उपकार कसले? पगार घेते मी याचा," ती म्हणाली. "आणि वाट अडवू नका, पुढची पेशंट यायचीय."

मी जोडलेले हात घेऊन तशीच उभी. आता ते कुणापुढे धरायचे, काही सुचेना. नर्सनं त्याच हातांत नात ठेवली. मला रडू कोसळलं, आणि इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! आमच्या घरात जन्मलेली ही पहिली पोर, जी कुणाचंही देणं लागत नव्हती.