दारातला निरोप

लंडनमधल्या हाउन्सलोच्या मराठी मंडळाचे सेक्रेटरी डॉक्टर पद्माकर. सत्त्याऐंशी साली हॉलच्या मॅनेजर मिसेस हॉजेसनी त्यांना तोंडावर सांगितलं, "तुमचा गणपती म्हणजे निव्वळ बेअर गार्डन!" वर अर्थही समजावला. पूर्वी लंडनमध्ये अस्वल खांबाला बांधून त्याच्यावर कुत्रे सोडायचे, भोवती लोक बोंबलायचे, त्या जागेचं हे नाव. पुढे ते कुठल्याही गोंधळाला चिकटलं.

"यात आम्ही कोण? अस्वल की कुत्रे?" पद्माकरांनी विचारलं.

"प्रेक्षक," बाई म्हणाल्या.

खरं सांगायचं तर आरतीबद्दल बाईंची तक्रार नव्हतीच. झांजा त्यांना आवडायच्या. तक्रार होती नंतरची. आपली माणसं "बरंय, निघतो" म्हणतात आणि मग दारात उभं राहून खरं बोलायला सुरुवात करतात. शेजारी कावले होते. बाईंनी बजावलं होतं, यंदा मुकाट निघालात तर पुढच्या वर्षी हॉल, नाहीतर नाही. आणि समई पेटवू देणारा दुसरा हॉल आसपास नव्हता.

म्हणून आरती झाल्याबरोबर पद्माकरांनी दटावलं, "निरोप इथेच, खुर्चीत बसून घ्या. दारात कुणी थांबायचं नाही!"

आणि काय आश्चर्य, मंडळींनी ऐकलं! चहात आलं की वेलची यावरून ज्या मंडळात दोन तट पडले होते, त्यातले लोक प्रसाद घेऊन शहाण्यासारखे गाड्यांत जाऊन बसले. मिसेस हॉजेस चक्क हसल्या.

दारात एकट्या सुप्रभाबाई उरल्या. यजमान गेल्यापासून मेडनहेडला एकट्याच राहायच्या, बस बदलत यायच्या.

"अहो, बस चुकेल तुमची," पद्माकर म्हणाले.

"चुकू दे. आरती काय, मी घरीही म्हणते हो डॉक्टर. घरी दारात कुणी नसतं."

पद्माकरांना एकदम गलबलून आलं, आणि स्वतःचा रागही आला. मिसेस हॉजेस किल्ल्या घेऊन मागेच उभ्या होत्या. हॉल हातात आला होता, फक्त गप्प राहायचं होतं.

त्यांनी कार पार्ककडे तोंड करून आरोळी ठोकली, "अरे उदय, वीणा, उतरा सगळे! सुप्रभाबाई निघाल्यात!"

गाड्यांची दारं धडाधड उघडली. सगळे एकदम बोलतच आले. मिसेस हॉजेसनी डोळे मिटून घेतले.

"मग? काय म्हणतेय तुमची मँचेस्टरची नात?" पद्माकरांनी सगळ्यांच्या वर आवाज चढवून विचारलं.

सुप्रभाबाईंनी पिशवी पायरीवर ठेवली आणि पार पहिल्यापासून सांगायला घेतलं.