बिनतिकिटाचा फोटो

मी एक जुना लाल डगला आहे, मित्रांनो. सांताक्लॉजचा. कॉलरीला आणि बाह्यांना लोकर, पुढे पाच मोठी बटणे, कमरेला रुंद काळा पट्टा. लोकर एके काळी पांढरीशुभ्र होती. आता ती दूध जास्त झालेल्या चहाच्या रंगाची झाली आहे. दुसरे बटण बाकीच्या चारांशी जुळत नाही, कारण मूळचे बटण एका दीड वर्षाच्या बाळाने चावून तोडले आणि त्याच्या आईने ते त्याच्या तोंडातून काढेपर्यंत सगळ्या रांगेचा श्वास अडकला होता. पण ते असो. मला तुम्हाला दुसऱ्याच दिवसाची गोष्ट सांगायची आहे. मात्र त्याआधी थोडे माझ्याविषयी सांगतो.

नाटकांचे कपडे शिवणाऱ्या एका बाईंनी मला शिवले. माप घ्यायला आले होते लिफ्टमामा. एका चार मजली दुकानात त्यांनी तेवीस वर्षे लिफ्ट चालवली होती, म्हणून सगळे त्यांना लिफ्टमामा म्हणत. बाईंनी टेप हातात घेऊन विचारले, "पोट मोजू, की आत उशी लावणार?"

"उशी कशाला?" मामा म्हणाले. "हे पोट मी घरूनच आणलंय."

बाई इतक्या हसल्या की माझी डावी शिवण किंचित तिरकी गेली. ती आजही तिरकीच आहे.

दुकानात सरकते जिने आले तेव्हा मामांच्या लिफ्टला कोणी विचारेनासे झाले. ती फक्त मालाची ने-आण करू लागली. दुकानाचे म्हातारे मालक मनाने चांगले होते. त्यांनी मामांना घरी पाठवले नाही. वर्षभर गोदामात काम आणि नाताळाच्या सुट्टीत सांताक्लॉज, असे ठरले. मामांना हे काम असे काही जमले की काय सांगू! तेवीस वर्षे ते मुलांना वर-खाली नेत होते. कोणाचे घर कुठे, कोणाला कशाची भीती वाटते, सगळे त्यांना तोंडपाठ. मूल मांडीवर बसले की ते म्हणत, "काय हो, गेल्या वर्षी पुढचा दात नव्हता, आला की!" मग त्या मुलाचे डोळे जे विस्फारत! सांताला आपला दात माहीत आहे! मी मामांच्या छातीवर असायचो. त्या क्षणी आतले काळीज कसे उड्या मारते ते मला कळायचे.

तेव्हा फोटोला पैसे पडत नसत. दुकानाचा फोटोवाला एकदा बटण दाबायचा आणि दोन दिवसांनी एका कुटुंबाला एक फोटो मिळायचा. त्यात आई, बाबा, आजी, कधी कधी चुकून मागच्या रांगेतले कोणीतरी. कोणाचे डोळे मिटलेले, कोणाचे नाक वाहणारे. लोक ते फोटो घेऊन हसत हसत घरी जात.

सुट्टी संपली की मी धुलाईला जायचो. तिथे एक इस्त्रीवाल्या बाई होत्या. माझ्या खिशांत काय काय निघायचे! अर्धी चघळलेली गोळी, एक मोजा, चुरगळलेली चिठ्ठी, एकदा तर चक्क पडलेला दात. बाई यातले काही फेकत नसत. सगळे एका पाकिटात घालून माझ्या कॉलरीला टाचणीने लावत आणि वर लिहीत, 'मामा, मुलांचं आहे. टाकू नका.' त्यांच्या हातांना साबणाचा वास होता आणि त्या इस्त्री फिरवायच्या आधी कॉलर दोनदा थोपटत. मला ते फार आवडायचे.

पुढे म्हातारे मालक थकले आणि घरी बसले. नवे व्यवस्थापक आले. तरुण, टापटिपीचे, सतत घाईत. त्यांनी मला नवी गादीची खुर्ची दिली, मागे चकचकीत बर्फाचा पडदा लावला आणि पुढे एक फलक उभा केला. पहिल्या वर्षी त्यावर 'एका कुटुंबाला एक तिकीट' असे होते. दुसऱ्या वर्षी फोटोची चौकट वेगळी, मोबाइलवर हवा असेल तर वेगळे. तिसऱ्या वर्षी लवकर नंबर लागायचेही वेगळे तिकीट निघाले. एका मुलाला चाळीस सेकंद. घड्याळ पाहायला माणूस नेमलेला. मामांना दात आठवायलाही वेळ उरेना.

आणि चौथ्या वर्षी तो शनिवार आला.

दुपारची वेळ होती. रांग खेळण्यांच्या विभागाला वळसा घालून पार बुटांपर्यंत गेली होती. मुले किंचाळत होती, फुगे फुटत होते, मी तर घामाने भिजून चिंब झालो होतो. तेवढ्यात माझ्या ओळखीचा साबणाचा वास आला. पाहतो तर इस्त्रीवाल्या बाई! आज त्या गिऱ्हाईक होऊन आल्या होत्या. केस नीट विंचरलेले, सोबत तीन मुले. मोठी ताई नऊ वर्षांची, मधला मुलगा सहाचा, आणि कडेवर सगळ्यात धाकटी पिटुकली. तिघांचे कपडे असे कडक इस्त्रीचे की घडीवर बोट कापले असते.

मी नुसता आनंदून गेलो होतो. पण तिकिटाच्या टेबलाशी बाई थबकल्या. फलकावर या वर्षी 'दर माणशी एक तिकीट' असे लिहिले होते.

"ताई, गेल्या वर्षी तर कुटुंबाला एक होतं ना?" त्यांनी तिकीटवाल्या मुलीला विचारले.

"होतं हो. पण या वर्षी बदललंय. फोटोत जितके जण, तितकी तिकिटं." मुलीने मान खाली घातली. "मी काय करू, काकू, वरून सांगितलंय."

बाईंनी पाकीट उघडून पाहिले, मग परत पाहिले. जणू दुसऱ्यांदा उघडल्यावर त्यात जास्त निघणार होते. दोनच तिकिटे येत होती. मागून कोणीतरी म्हणाले, "अहो, आटपा की." बाईंचा चेहरा गोरामोरा झाला.

तेव्हा ताईने आईचा पदर ओढला आणि अगदी मोठ्या माणसासारखी म्हणाली, "आई, या दोघांचं काढ. मी आता मोठी झालेय. मला नाही बसायचं मांडीवर. पिशवी दे इकडे, मी धरते."

मित्रांनो, मी तिचे डोळे पाहिले होते. रांगेत असताना ती टाचा उंचावून उंचावून याच खुर्चीकडे बघत होती.

मधला येऊन मामांच्या उजव्या गुडघ्यावर बसला. पिटुकलीला डाव्या गुडघ्यावर ठेवताच तिने भोकाड पसरले आणि माझी लोकर दोन्ही मुठींनी ओढली. फोटोवाला ओरडू लागला, "इकडे बघा, इकडे बघा!" मामांनी मात्र पडद्याच्या कडेला पाहिले. तिथे ताई पिशवी पोटाशी धरून उभी होती. फोटोत येऊ नये म्हणून भिंतीला अगदी चिकटून.

"ती कोण रे?" मामांनी मधल्याला विचारले.

"माझी ताई," तो म्हणाला. "तिचं तिकीट नाही."

आत काहीतरी धाडकन हलले. मी छातीवरच होतो, म्हणून सांगतो. मामा उठून उभे राहिले. एका हातावर पिटुकली, दुसऱ्या हातात मधला.

"मी चहाला चाललोय," ते म्हणाले.

"आत्ता?" घड्याळवाला दचकला. "मामा, रांग बघा!"

"पंधरा मिनिटं सुट्टी आहे ना मला रोजची? चार वर्षांत एकदा घेतली का? आज घेतो." मग भिंतीजवळच्या ताईकडे वळून म्हणाले, "चल ताई, तूही चल. आणि आईलाही घे. माझी जुनी गाडी दाखवतो तुम्हाला."

सांताची गाडी! ताई पिशवीसकट धावत सुटली. बाई 'अहो मामा, अहो मामा' करत मागे. पडद्यामागच्या बोळातून आम्ही लिफ्टशी पोहोचलो. जाळीचे सरकते दार, पितळी मूठ आणि आत मागच्या भिंतीवर डोक्यापासून पायापर्यंत आरसा! मामांनी सगळ्यांना आत घेतले, दार ओढले आणि मूठ फिरवली. लिफ्ट गुरगुरत वर निघाली. पिटुकली रडायची थांबली.

"आता आरशात बघा," मामा म्हणाले. "आई, तुझा मोबाइल काढ. आरशातला फोटो काढायचा. कोणी बाहेर राहायचं नाही. तूसुद्धा."

"मी कशाला हो? माझा अवतार बघा."

"आई, तू एकाही फोटोत नसतेस," ताई म्हणाली. "नेहमी तूच काढतेस ना!"

बाईंनी मोबाइल वर धरला. आरशात आम्ही सगळे मावलो. ताईने पिशवी खाली ठेवली आणि माझी बाही दोन्ही हातांनी घट्ट धरली. खट्! आणि नेमक्या त्याच क्षणी लिफ्टला असा गचका बसला की सगळे एकमेकांवर आदळले. दिवा मिणमिणला. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती. जाळीतून समोर नुसती भिंत दिसत होती.

मधल्याचा चेहरा पांढराफटक पडला. "आपण पडणार?"

"छे रे! ही म्हातारी अशीच रुसते. तेवीस वर्षं हिची समजूत काढलीय मी." मामांनी दाराची कड चाचपली. "जाळी सैल झालीय. दार घट्ट लागलं नाही की ही हलत नाही. आणि मूठ न सोडता दोन्ही हातांनी दार ओढायला मला तिसरा हात नाही."

मग त्यांनी माझा पट्टा सोडला! जाळीच्या गजातून ओवला, कडेच्या खुंटीवरून फिरवला आणि टोक मुलांच्या हाती दिले. "मी हो म्हटलं की सगळ्यांनी ओढायचं. आईनेही. हो!"

काय ओढले म्हणता! ताई पुढे, मधला तिच्या मागे, शेवटी बाई पाय रोवून. पिटुकली खाली बसून माझाच काठ ओढत होती. पट्टा करकरला. माझे बक्कल वाकले. एकदा दार सरकले आणि पुन्हा निसटले. "अजून एकदा! जोर लावा!" ताई ओरडली. यावेळी दार खाडकन बसले, मामांनी मूठ फिरवली आणि लिफ्ट वर निघाली. आतला जल्लोष ऐकून कोणाला वाटले असते, आम्ही लढाई जिंकून आलो!

दार उघडले तर समोर व्यवस्थापक. मागे जिन्यावरून धापा टाकत आलेले दहा-पंधरा आईबाप.

"मामा, हा काय प्रकार आहे? लोकांनी पैसे भरलेत!"

मामा काही बोलायच्या आधीच एक आजोबा पुढे झाले. त्यांनी लिफ्टमध्ये डोकावून आरसा पाहिला, मुलांचे लालबुंद चेहरे पाहिले. "मला पण इथंच फोटो हवाय," ते म्हणाले. "आमच्या हिच्यासकट. खाली आम्हा दोघांची तिकिटं वेगळी मागतात."

"आम्हालाही!" आणखी कोणी म्हणाले.

"लिफ्ट आता हलणार नाही," मामांनी बजावले. "पण आत उभं राहायला काय हरकत? माझी सात मिनिटं शिल्लक आहेत आणि ती माझी स्वतःची आहेत."

त्या सात मिनिटांत अकरा कुटुंबे आली आणि गेली. आज्या, काका, एक झोपलेले बाळ, काठी घेतलेले आजोबा. फोटो काढून द्यायला ताई दारातच उभी राहिली. "सगळे आत! तुम्ही पण, काका, मोबाइल द्या माझ्याकडे!" तिचा आवाज पार बुटांच्या विभागापर्यंत जात असेल. इतका हसरा गोंधळ मी आयुष्यात पाहिला नव्हता.

मग मामा खाली गेले आणि दुकान बंद होईपर्यंत उरलेल्या प्रत्येक मुलाला मांडीवर घेतले. जाताना व्यवस्थापकांनी त्यांना खोलीत बोलावले. "उद्यापासून येऊ नका, मामा," ते हळूच म्हणाले. "मलाही वर उत्तर द्यावं लागतं." मामांनी मला काढले, घडी घातली, टेबलावर ठेवले. कॉलरीवरून एकदा हात फिरवला आणि निघून गेले.

पुढची दोन वर्षे मी तळघरातल्या खोक्यात होतो, मोडक्या हँगरांखाली. नवा सांता नवा चमकदार डगला घालत असे. वरून मुलांचे आवाज येत आणि माझ्या बाहीत कसर लागत होती. त्या दिवसांविषयी फार सांगत नाही.

एकदा इस्त्रीवाल्या बाई दुकानाचे पडदे धुवायला न्यायला आल्या. खोक्यातून माझी बाही बाहेर लोंबत होती. त्या तिथेच खाली बसल्या. "हा फेकणार आहात का?" त्यांनी विचारले. "न्या हो, भंगारच आहे," असे उत्तर मिळाले. बाईंनी मला तीनदा धुतले. भोके ताईने रफू केली. तिचे टाके थोडे मोठे आहेत, पण पक्के आहेत. आणि एका सकाळी ते चौघे मला मामांच्या घरी घेऊन गेले. मामा वाळले होते. मी त्यांच्या अंगावर ढगळ झालो. "आता उशी लागणार," ते म्हणाले आणि डोळे पुसत हसू लागले.

तेव्हापासून सुट्टीतल्या दर रविवारी आम्ही वाचनालयाच्या पायऱ्यांवर बसतो. तिकीट नाही, घड्याळ नाही. गेल्या रविवारी रांगेत एक ऐंशी वर्षांच्या आजी होत्या. सोबत नातवंड नव्हते. मामांनी विचारले, "कोणाचा फोटो काढायचा, आजी?"

"माझाच," त्या लाजून म्हणाल्या. "लहानपणी राहून गेला. तेव्हा घरी म्हणाले, पुढच्या वर्षी." आणि त्या मामांशेजारी ताठ बसल्या, माझी बाही हातात धरून. सगळ्या रांगेने टाळ्या वाजवल्या!

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखे कोणी खोक्यात पडले असेल. त्याला ऊन दाखवा, कसर झटका, सैल बटण वेळीच शिवा. आम्ही जुने झालो तरी कोणाच्या तरी छातीवर राहायची हौस अजून गेलेली नसते. आणि माझ्याकडे याल तेव्हा हात पुसून या. घाईत नाही पुसले तरी चालेल.